सावंगीचं ऊन, मिरामारची शर्यत

युरोप-अमेरिकेत ट्रायथलॉनचा हंगाम बर्फ वितळला की सुरू होतो. मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या शर्यती लागतात. पाणी अंगावर काटा आणणारं असतं. हिवाळाभर घरात खिळवलेल्या सायकलीवर पाय मारून कंटाळलेली माणसं जाड रबरी सूट चढवून समुद्रात उतरतात. आपल्याकडे पंचांग उलटं आहे. मार्चमध्ये आपला हंगाम आटोपतो. मग उन्हाळा, मग पावसाळा; आणि पाऊस माघारी फिरला की नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास पहिल्या शर्यतीची चाहूल लागते. हा अंक तुमच्या हातात पडतो त्या दिवसांतच गोव्याच्या किनाऱ्यावर पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत होते, आणि तिच्यासाठी वर्ध्यासारख्या जिल्ह्यातूनही माणसं सायकली खोक्यांत भरून निघतात.

त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य असतं: आम्ही विदर्भातले, आम्हाला उन्हाचं काय सांगता! मीही हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते मेमध्ये खरं आहे, ऑक्टोबरात नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की शहर संपतं न संपतं तोच सावंगी (मेघे) येते. 1990 मध्ये इथं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याला जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं, आणि शेतीच्या गावाचं बघता बघता दवाखान्याचं गाव झालं. औषधांची दुकानं, मेस, मुलामुलींची वसतिगृहं, पेशंटच्या नातेवाइकांनी भरलेल्या चहाच्या टपऱ्या, रात्री-अपरात्री उभे असलेले ऑटो. या गावाला झोप अशी लागतच नाही. पहाटे पाचला रस्त्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. रात्रपाळी संपवून डोळे चोळत निघालेली, आणि पळणारी. पळणाऱ्यांत सगळ्यात जास्त भरणा पोलीस भरतीच्या पोरापोरींचा. अनवाणी किंवा साध्या बुटांत, एका लयीत, न बोलता पळतात. त्यांच्यामागून मिणमिणते लाल दिवे लावून सायकलवाले जातात: निवासी डॉक्टर, शिक्षक, बँकेतले, दुकानदार. सालोड ओलांडून देवळीकडे आणि अंगात दम असेल तर पुढे वर्धा नदीच्या पुलापर्यंत. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा.

ऑक्टोबरात हा रस्ता फार देखणा असतो. दोन्हीकडं पऱ्हाटी फुटायला लागलेली, सोयाबीनची सोंगणी चाललेली. सायकलवाल्याला मात्र नजर खाली ठेवावी लागते. कडेला वाळत घातलेल्या सोयाबीनचे दाणे डांबरावर पसरलेले असतात, आणि बारीक टायर त्यांवरून गेला की चाक घसरतंच. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर सायकलला मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. आमचा सराव जुन्या रस्त्यावर, ट्रॅक्टर आणि एसटीच्या शेजारून.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 18 फेब्रुवारी 1978 रोजी हवाई बेटांपैकी ओआहू इथं पंधरा जण समुद्रात उतरले. नौदलातला अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्याची पत्नी ज्युडी यांची ती कल्पना. बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती सलग जोडायच्या आणि सर्वांत चिवट कोण ते ठरवून टाकायचं. बारा जणांनी शर्यत पुरी केली, गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांच्या थोडं वर वेळ घेऊन पहिला आला. तीच पुढे ‘आयर्नमन’ म्हणून जगभर गेली. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल, 42.2 किलोमीटर धावणं. 2000 साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आलं, तेही आटोपशीर अंतराचं: दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर. गोव्यात होते ती आयर्नमनची निम्मी शर्यत. 1.9 किलोमीटर समुद्रात, 90 किलोमीटर सायकलवर, 21.1 किलोमीटर पायी, आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत. पहिली शर्यत 20 ऑक्टोबर 2019 रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. मग कोविडमुळे दोन वर्षं गेली, आणि 2022 पासून ती पुन्हा सुरू झाली.

महाराष्ट्रात हा खेळ तोवर रुजला होताच. पुण्याचे कौस्तुभ राडकर हे मुळात राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू. त्यांनी पूर्ण आयर्नमन तीसहून अधिक वेळा पुरी केली आणि कितीतरी हौशी लोकांना तयार केलं. मिलिंद सोमणनं 2015 मध्ये झुरिचची शर्यत पुरी केली तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता, आणि त्या बातमीनं अनेक मध्यमवयीन पुरुषांच्या सायकली माळ्यावरून खाली आल्या. 2017 मध्ये पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश फ्रान्समधली शर्यत करून आले. कोल्हापुरात राजाराम तलावात पोहून सुरू होणारी बर्गमन ही ट्रायथलॉन शर्यत रुजली.

विदर्भाला मात्र या वाटेवर नेलं ते नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी. 2017 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत त्यांनी एकट्यानं पुरी केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसपर्यंत, जवळपास पाच हजार किलोमीटर, 11 दिवस 21 तास 11 मिनिटांत. मुदत बारा दिवसांची होती. पुढच्याच वर्षी ते रशियात मॉस्को ते व्लादिव्होस्तोक अशी नऊ हजारांवर किलोमीटरची शर्यत करून आले. त्याआधी 2015 मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीनं अमेरिका पार केली होती. डॉक्टर माणसं या खेळात इतकी का येतात, याचा विचार मी सावंगीत राहून बराच केला आहे. झोप मोडायची सवय हे एक कारण आहे. दुसरं असं की, शरीर कुठं मोडतं हे रोज पाहणाऱ्याला ते कुठवर ताणतं हे पाहायची ओढ असते.

हौशी लोकांपलीकडेही महाराष्ट्र पुढे आहे. जानेवारी 2025 मध्ये उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत हल्द्वानी इथं ट्रायथलॉन झालं. महिलांत महाराष्ट्राची डॉली पाटील पहिली आणि मानसी मोहिते दुसरी आली. ही बातमी आपल्याकडे क्रिकेटच्या बातम्यांखाली दबून गेली. तिची जागा पहिल्या पानावर होती.

आता पोहण्याकडे येतो, कारण विदर्भातल्या माणसाची शर्यत बहुधा तिथंच अडते.

आमच्या आधीच्या पिढ्या विहिरीत पोहायला शिकल्या. पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा बांधायचा, मामा किंवा मोठा भाऊ वरून ढकलून द्यायचा, दोन-चार गटांगळ्या खाल्ल्या की हातपाय आपोआप चालायचे. पुढं मुटके, सूर, तळाचा चिखल काढून आणायची पैज. त्या पोहण्यात धीटपणा भरपूर होता, पण डोकं कायम पाण्याबाहेर आणि अंतर विहिरीच्या काठापासून काठापर्यंत. आता तेही राहिलं नाही. बोअरवेलनं पाणी खोल नेलं, उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतात, आणि वसतिगृहातल्या मुलांपैकी कितीतरी जणांनी कमरेवर पाणी कधी पाहिलेलं नसतं. अमरावतीला 1914 साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था आहे, तिथं तलाव आहे. नागपुरात तलाव आहेत. नागपूरच्या कांचनमाला पांडे या अंध मुलीनं 2017 साली मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेचं सुवर्णपदक आणलं. म्हणजे विदर्भाच्या पाण्यात दोष नाही. शिकवणारे आणि तलाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, एवढीच अडचण. मी स्वतः नागपूरला जाऊन पोहतो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर पडतात.

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण गंभीर आहे. अमेरिकेत 2006 ते 2008 या काळातल्या ट्रायथलॉन शर्यतींचा अभ्यास झाला. 9,59,214 सहभागींमध्ये 14 मृत्यू झाले होते, आणि त्यांपैकी 13 पोहताना. पुढे 1985 पासून 2016 पर्यंतचे मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग मिळून 135 जणांची नोंद तपासली गेली. त्यांत 90 जण पाण्यात होते. लोकांना वाटतं, धोका शेवटच्या धावण्यात, दमल्यावर आहे. प्रत्यक्षात तो अगदी सुरुवातीला आहे. छाती धडधडत असते, आजूबाजूला हातपायांची गर्दी, कुणाचा तरी पाय तोंडावर बसतो, नाकात खारं पाणी जातं, श्वास चुकतो. सायकलवर छातीत कळ आली तर माणूस कडेला थांबतो, खाली बसतो. पाण्यात बसायला जागा नाही. शवविच्छेदन झालेल्यांपैकी अनेकांना हृदयाचा आजार आधीपासून होता आणि त्याची त्यांना कल्पना नव्हती.

म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी शर्यतीचं शुल्क भरण्याआधी हृदय तपासून घ्यावं. आणि तलावात दोन किलोमीटर सलग पोहता आलं म्हणजे समुद्र जमला असं समजू नये. तलावात तळाशी काळी रेघ असते, दर पन्नास मीटरला भिंत मिळते. समुद्रात दर काही हातांनंतर मान किंचित वर काढून तरंगता केशरी फुगा कुठं आहे ते हेरावं लागतं, नाहीतर माणूस नकळत वाकडा जातो आणि भलतंच अंतर पोहतो. हे कौशल्य वेगळं शिकावं लागतं. त्यासाठी कुणी बोर धरणात किंवा धाम नदीच्या डोहात एकट्यानं उतरत असेल, तर त्याला हात जोडून सांगणं आहे की हे करू नका. पावसाळ्यानंतरच्या पाण्याखाली काय आहे ते वरून दिसत नाही, आणि ओढ कुठं आहे ते गुराख्यालाही सांगता येत नाही.

पोहण्याची भीती माणूस निदान कबूल करतो. उन्हाची करत नाही, विदर्भात तर मुळीच नाही.

मे महिन्यात वर्ध्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. नवतप्याचे नऊ दिवस गाव दुपारी ओस पडतं. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरात कैरीचं पन्हं, आणि सरकारी दवाखान्यांत कोल्ड वॉर्ड. त्यातही शेतकरी, मजूर, पोलीस भरतीची पोरं बाहेर असतातच. म्हणून अभिमान वाटतो, आणि तो पोकळ नाही. पण त्या उन्हात एक सवलत दडलेली असते. हवा कोरडी असते. घाम येतो आणि लगेच उडून जातो, कपड्यांवर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे मागं राहतात. घाम उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. शरीराचं थंड होण्याचं मुख्य साधन तेच.

हवामानशास्त्रात यासाठी एक मोजमाप आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून त्यावरून वारा जाऊ द्यायचा. पाणी उडताना तापमान खाली येतं; जिथं ते थांबतं तो आकडा सांगतो की घाम अंगाला कितपत थंड करू शकेल. सावंगीतली मेमधली दुपार धरा: 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के. ओल्या फुग्याचं तापमान साधारण 24 अंश भरतं. आता मिरामारची ऑक्टोबरातली सकाळ धरा: 31 अंश आणि आर्द्रता 80 टक्के. तिथं ते 28 च्या आसपास येतं. साधा थर्मामीटर पाहिला तर गोवा वर्ध्यापेक्षा चौदा अंशांनी थंड. धावणाऱ्याच्या कातडीला विचारलं तर गोवा चार अंशांनी गरम. घाम येतो, ठिबकतो, बुटांत साचतो, आणि थंड करत नाही. आपला मे महिना तिथं कामाला येत नाही तो यामुळे.

दुसरं कारण वेळेचं. ऊन सोसायची ताकद शरीर कमावतं हे खरं. रोज तास-दीड तास उन्हात घाम गाळला तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो, घामातून जाणारं मीठ कमी होतं, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. पण ही कमाई बँकेतल्या मुदत ठेवीसारखी पडून राहत नाही. ऊन थांबलं की तीन-चार आठवड्यांत बहुतेक निघून जाते. जूनमध्ये पाऊस आला, जुलै-ऑगस्ट ढगाळ गेले, आपण पहाटेच्या गारव्यात सराव केला. ऑक्टोबरात शर्यतीला उभा राहणारा विदर्भातला माणूस उन्हाच्या बाबतीत पुण्या-नाशकाच्या माणसाइतकाच कोरा असतो. फरक एवढाच की पुणेकर सावध असतो आणि हा गाफील.

उपाय गावातच आहे. पाऊस उघडल्यावर सप्टेंबरच्या अखेरीस सावंगीत जो उकाडा होतो, जमिनीतून वाफ निघते आणि पंख्याखालीही सदरा पाठीला चिकटतो, ती हवा गोव्याच्या जवळची. पहाटेच्या सरावाच्या जोडीला शर्यतीआधीचे दोन आठवडे सकाळी दहा-अकराच्या सुमारास हळू पळावं. सुरुवातीला अर्धा तास, मग वाढवत. वेगाचा हट्ट नको, सोबत कुणीतरी हवंच, आणि चक्कर, मळमळ, थंडी वाजणं यांपैकी काहीही झालं की त्याच जागी थांबायचं. सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव, ज्याला सगळे ‘ब्रिक’ म्हणतात, तोही याच वेळेला करावा. सायकलवर वाऱ्यामुळे अंग गार वाटतं. उतरून पळायला लागलं की दोन मिनिटांत भट्टीत शिरल्यासारखं होतं. हा धक्का घराजवळ आधी अनुभवलेला बरा.

पाण्याबाबत तर गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. कमी पिणं वाईट हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त पिण्यानं माणूस मरू शकतो हे फारच थोड्यांना माहीत आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं गेलं; 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलेलं निघालं. ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं, म्हणजे ज्यांनी घामापेक्षा जास्त पाणी प्यायलं, त्यांना धोका सर्वाधिक. रेंगाळत धावणारे आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून ग्लास रिकामा करणारे यात सापडतात. त्यांना गरगरतं, ओकारी येते, बाजूचे लोक ‘पाणी द्या, पाणी द्या’ म्हणून आणखी पाजतात, आणि मेंदूला सूज चढते.

घामातून जाणारं मीठ भरून काढायला आपल्याकडे प्रत्येक आशाताईच्या पिशवीत एक पुडी असते. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा बोनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून माणसं वाचवली. पुढं जगभर गेलेली ओआरएसची पुडी हीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या मापात एका लिटरला 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. शर्यतीसाठी महागड्या गोळ्या आणि जेल मिळतात, ते सोयीचे असतात, घ्यायला हरकत नाही. पण ताकदीसाठी लागणारी साखर बाजूला ठेवली तर निव्वळ मिठाचा प्रश्न या स्वस्त पुडीनं सुटतो. वाटेत खायला खजूर, केळं, उकडलेला बटाटा मिठात घोळवून, शेंगदाण्याची चिक्की. मात्र चिक्की सायकलवर, धावताना ती घशाखाली उतरत नाही. शर्यतीच्या दिवशी नवं काहीही पोटात घालू नये.

आता त्या सकाळबद्दल. मिरामारला उजाडायच्या आत किनारा भरलेला असतो. दंडावर नंबर, घोट्याला टायमिंग चिप, डोक्याला रंगीत रबरी टोपी. इथं पाणी इतकं उबदार की रबरी सूटला परवानगीच नसते. थोड्या थोड्या अंतरानं माणसं सोडली जातात, त्यामुळे चेंगराचेंगरी कमी. पहिली काही मिनिटं मी मुद्दाम हळू पोहलो. समुद्राचं पाणी जिभेवर तुरटीसारखं बसतं, ओठ सुजल्यासारखे होतात. बाहेर आलो की वाळू. पायांची वाळू झटकून मोजे चढवणं हे घरी सोपं वाटतं. ओल्या बोटांनी, धापा टाकत, शेजारी सायकली सुटत असताना ते वेगळंच काम होऊन बसतं. मग सायकल. पुढच्या सायकलच्या मागं चिकटून वारा चुकवायला बंदी असते, अंतर ठेवावं लागतं, पंच मोटारसायकलवरून फिरत असतात. नव्वद किलोमीटर सरले की ऊन माथ्यावर आलेलं असतं, आणि अर्धी मॅरेथॉन तेव्हा सुरू होते.

मिरामार-दोनापावलच्या रस्त्यावर फेऱ्या. झाडांची सावली लागते तेवढी पन्नास पावलं अंग सुटतं, मग पुन्हा उघडा रस्ता. पाण्याच्या टेबलापाशी स्वयंसेवक पोरं बर्फ देत होती. मी मूठभर खडे टोपीत घातले, टोपी डोक्यावर दाबली. पहिल्यांदा टाळूला झिणझिण्या आल्या, मग एक धार कानामागून मानेवर, एक नाकावरून ओठांवर, आणि पुढचे चारशे-पाचशे मीटर माणूस पुन्हा स्वतःच्या ताब्यात आला. बर्फ विरघळला की ठोके चढायचे. मी घड्याळ पाहायचं सोडून दिलं आणि प्रत्येक टेबल चालत ओलांडलं. आजूबाजूला चांगले मजबूत गडी कठड्याला धरून उभे होते, पायात गोळे आलेले. सायकलवर त्यांनी मला मागं टाकलं होतं. हंगामाच्या पहिल्या शर्यतीत सायकलवर आवरून राहणं हेच बहुतेकांना जमत नाही, कारण पावसाळाभर साठलेली हौस तिथं बाहेर पडते.

उष्माघाताची एक गोष्ट डॉक्टरांच्या गावात राहून नीट कळली ती इथं सांगायलाच हवी. अंगाचं आतलं तापमान 40 अंशांवर आणि माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय, चिडतोय, ही उष्माघाताची खूण. घाम आटलाच पाहिजे असं नाही. धावणाऱ्याला उष्माघात घाम गळत असतानाही होतो. अशा वेळी त्याला गाडीत घालून दवाखान्याकडे पळवणं ही आपली पहिली प्रतिक्रिया असते, आणि तिच्यात मोलाची वेळ जाते. आधी जागेवर थंड करायचं, मग हलवायचं. बर्फाच्या पाण्याचा मोठा टब, माणूस मानेपर्यंत आत, डोकं धरून. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर तो घरी चालत जातो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फॅलमथ इथं ऑगस्टच्या उकाड्यात सव्वाअकरा किलोमीटरची शर्यत होते. तिथल्या अठरा वर्षांच्या नोंदींत उष्माघाताच्या 274 रुग्णांना असं टबात बुडवलं गेलं. एकही दगावला नाही. कोणतंही भारी यंत्र नाही. टब, बर्फ, पाणी आणि ताप अचूक मोजायची सोय.

सावंगीच्या रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे ते विनोबा या जिल्ह्यातले सर्वांत मोठे चालणारे. मार्च 1951 मध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले, 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पवनारहून दिल्लीच्या वाटेला लागलेले पाय 1964 च्या एप्रिलपर्यंत थांबले नाहीत. पोटाचं जुनं दुखणं, आहार दूध-दह्याचा, वय पन्नाशीच्या पुढं. ते उजाडण्याच्या कितीतरी आधी, कंदिलाच्या उजेडात निघत. ऊन चढायच्या आत पुढचा मुक्काम गाठत. रोज थोडं, ठरावीक, न चुकता. शर्यत हा त्यांचा विषय नव्हता आणि त्यांना इथं खेळाडू ठरवायचाही माझा विचार नाही. पण लांब पल्ला कसा गाठावा याचा धडा वर्ध्याच्या माणसाला परदेशी पुस्तकात शोधायला नको.

नागपुरात डॉ. समर्थ यांच्या पुढाकारानं टायगरमॅन ट्रायथलॉन झालं आहे. वर्धा जिल्ह्यानं आता एक पाऊल टाकावं. 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं, एवढीच छोटी शर्यत डिसेंबर-जानेवारीत भरवता येईल. तेव्हा हवा गार असते आणि नवख्याला चुकायला वाव मिळतो. गोव्याची ऑक्टोबरातली शर्यत कुणाचीच पहिलीवहिली शर्यत असू नये, असं माझं ठाम मत आहे. पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या पोरापोरींना त्या शर्यतीत मोफत घ्यावं. त्यांच्याइतका सराव इथं कुणाचाच नाही, आणि चांगली सायकल उसनी मिळाली तर त्यांच्यातून राज्याच्या संघात जाणारी मुलं निघतील. डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिका यांची वाण नसलेलं गाव महाराष्ट्रात दुसरं सापडणं कठीण.

वाचणाऱ्यांपैकी कुणी पुढच्या ऑक्टोबरचा बेत करत असेल तर त्यानं याच हिवाळ्यात पोहण्याच्या शिकवणीला नाव घालावं, सायकल नंतर घेतली तरी चालेल. आणि वर्ध्यात शर्यत भरवायला जे पुढं येतील त्यांनी आधी जीवरक्षक आणि बर्फाचे टब यांची सोय करावी. पदकं आणि टी-शर्ट त्यानंतर.